पंधरा दिवसांत तू काय वाचवणार? कासवांच्या किनाऱ्यावर कामाला येऊ पाहणाऱ्या मुलीला उत्तर

प्रश्न असा आला आहे: "मी पुण्यात आयटीत काम करते, वय २७. रजा साठवून साठवून मार्चमध्ये पंधरा दिवस जमवले आहेत आणि ते वन्यजीव संवर्धनाच्या कामात घालवायचे आहेत, शक्यतो कोकणात कासवांसाठी. प्राणीशास्त्र शिकलेली नाही. मला तिथे खरंच काही करता येईल का? पिल्लं हातात घेऊ देतात का? एका ठिकाणी आठवड्याचे अठरा हजार रुपये सांगितले, ते रास्त आहेत का? आणि आई विचारते, पंधरा दिवसांत तू असं काय वाचवणार आहेस?"

मी गेली सोळा वर्षं रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर कासवांच्या हंगामात येणाऱ्या स्वयंसेवकांचं बघते. कोण कधी येणार, कुणाच्या घरी उतरणार, कुणाला पहाटेच्या फेरीला न्यायचं आणि कुणाला चार दिवस थांबायला सांगायचं, हे माझं काम. त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी आईंचा प्रश्न घेते, कारण चारही प्रश्नांत तो सगळ्यांत नेमका आहे. पंधरा दिवसांत तुम्ही एकट्याने काहीही वाचवणार नाही. कासवाचं एक घरटं उबायला ४५ ते ६० दिवस लागतात. म्हणजे आल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही ज्या अंड्यांसाठी खड्डा खणाल, त्यांची पिल्लं बघायला तुम्ही तिथे नसाल. आणि जी पिल्लं तुमच्यासमोर समुद्रात जातील, त्यांची अंडी जानेवारीत दुसऱ्याच कुणीतरी आणून पुरलेली असतील. त्या माणसाला तुम्ही कधी भेटलेल्याही नसाल. हे काम असंच चालतं, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात. तुमचे पंधरा दिवस त्यातला एक तुकडा आहेत, आणि तो तुकडा रिकामा राहिला तर खालच्या अंड्यांना फरक पडतो, इतकंच खरं आहे. मला ते पुरेसं वाटतं. आईंना पटेल की नाही ते शेवटी बघू.

थोडी पार्श्वभूमी. कोकणच्या किनाऱ्यावर कासविणी येतात हे तिथल्या माणसांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. अंडी काढून खाणं, विकणं सर्रास चालायचं. उरलेली कुत्री आणि कोल्हे उकरायचे. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेचे भाऊ काटदरे समुद्रगरुडाच्या घरट्यांची पाहणी करत फिरत असताना मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. तिथून घरट्यांच्या रक्षणाचं काम उभं राहिलं. २००६ पासून वेळासला कासव महोत्सव भरू लागला, लोक पिल्लं बघायला येऊ लागले, गावातली घरं पाहुण्यांना उतरवून घेऊ लागली. पुढे हे काम आंजर्ले, गुहागर आणि इतर किनाऱ्यांवरही पसरलं. वनखातं, त्याचाच कांदळवन (खारफुटी) कक्ष आणि गावोगावचे कासवमित्र मिळून ते चालवतात. कासवमित्र म्हणजे त्या त्या गावातला माणूस, हंगामभर किनारा सांभाळणारा. थोडं मानधन मिळतं, पण ज्या वेळेला आणि ज्या थंडीत तो उठतो त्याची किंमत त्या मानधनात बसत नाही. तुम्ही ज्याच्या हाताखाली काम करणार आहात तो हा माणूस. संस्था, प्रमाणपत्र, समाजमाध्यमांवरचं पान हे सगळं त्याच्यानंतर.

ज्यांच्याकडून मी घरटं शोधायला शिकले ते काका तरुणपणी अंडी काढून आणायचे. हे त्यांनीच मला सांगितलं, लपवून ठेवलं नाही. नोव्हेंबर ते मार्च कासविणी रात्री वर येतात, म्हणून फेरी उजाडायच्या आत. पहिल्याच पहाटे त्यांनी मला माग दाखवला. भरतीच्या ओल्या रेषेपासून वर कोरड्या वाळूपर्यंत गेलेला आणि दुसरा परत फिरलेला. दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारख्या उमटलेल्या कासविणीच्या वल्ह्यांच्या, म्हणजे पायांच्या, खुणा, एकाआड एक. मधे वाळू विस्कटलेली, पाच-सहा फुटांच्या घेरात. मला वाटलं, खणायचं तर कुठेही असू शकेल. काका त्या घेरात अनवाणी, सावकाश चालले, टाच दाबत. एका जागी टाच किंचित जास्त रुतली. तिथेच बसले आणि हाताने वाळू बाजूला करू लागले. वरची वाळू कोरडी, भुसभुशीत. वितभर खाली गेल्यावर गार आणि ओलसर. मग कोपरापर्यंत हात आत, आणि बोटांना अंडं लागलं. टेबल टेनिसच्या चेंडूएवढं, पण कवच कडक नव्हे, चामड्यासारखं मऊ, दाबलं तर दबणारं.

लोखंडी सळी किंवा काठी खुपसून घरटं शोधायची घाई कुणी करत असेल तर त्याला थांबवा. वरची अंडी फुटतात आणि एक फुटलं की त्याचा वास लागून मुंग्या आणि खेकडे बाकीच्यांपर्यंत पोचतात.

अंडी एकेक करून काढायची, साधारण १०० ते १५० असतात. काका दर दहा अंड्यांमागे एक शिंपला बाजूला ठेवायचे, म्हणजे मोजताना चुकायला नको. आजही आम्ही तसंच मोजतो. अंडं ज्या बाजूने वर होतं तीच बाजू वर ठेवून टोपलीत मांडायचं. फिरवायचं नाही, हिसका द्यायचा नाही. कारण अंडं घातल्यानंतर काही तासांतच आतला गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला वरच्या टोकाशी चिकटतो. त्यानंतर अंडं उलटंपालटं झालं तर तो तुटून मरतो. म्हणून पहाटेची घाई. उजाडायच्या आत घरटं सापडलं तर अंडी हलवायला वेळ मिळतो. दुपारी बारा वाजता कुणी "ताई, तिकडे माग दिसला" म्हणून सांगत आलं तर तोवर बराच उशीर झालेला असतो. मग जागेवरच जाळी लावून राखायचं की हलवायचं, हा निर्णय कासवमित्राने आणि वनखात्याच्या माणसाने घ्यायचा, आपण नाही.

हॅचरी म्हणजे किनाऱ्यावरच भरतीच्या रेषेच्या वर कुंपण घातलेली जागा. तिथे दीडेक फूट खोल, तोंड अरुंद आणि तळ रुंद असा सुरईच्या आकाराचा खड्डा खणायचा. कासवीण मागच्या वल्ह्यांनी असाच खणते. जी वाळू खालून निघाली ती खाली, वरची ती वर. घरट्याजवळ खुणेची पाटी: तारीख, कुठे सापडलं, अंडी किती. मग सगळी वाट बघणं. पिल्लं निघायची वेळ आली की त्या जागी वाळू किंचित खचते, तळहाताएवढा खळगा पडतो. आत पिल्लं अंड्यातून बाहेर येऊन एकमेकांसाठी थांबलेली असतात आणि मग सगळी मिळून वाळू खाली पाडत वर चढतात. एकटं पिल्लू दीड फूट वाळूतून वर येणं फार कठीण.

आपल्याकडे देवळात शिरताना आधी दगडी कासवाला हात लावून नमस्कार करतात. संतांनी कासवीच्या दृष्टीचे दाखले दिले आहेत, की ती दूर राहून नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते. मी लहानपणी कीर्तनात हे ऐकलेलं. प्रत्यक्षात कासवीण अंडी झाकते, अंगाने वाळू थोपटते आणि तासाभरात समुद्रात परत जाते. पिल्लांना ती कधी बघतही नाही. त्या दीड-दोन महिन्यांत त्या वाळूवर कुणाची नजर असेल तर ती कासवमित्राची असते. काकांना मी हे एकदा म्हटलं. ते काही बोलले नाहीत, पण दुसऱ्या दिवशी पहाटे मला घ्यायला दहा मिनिटं आधी आले.

आता, पिल्लं हातात घेता येतात का? नाही. आणि ज्या ठिकाणी "हो, देऊ की" म्हणतील तिथे जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात आपल्या किनाऱ्यावर येणारं ऑलिव्ह रिडले कासव पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या पंक्तीत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना धक्का लावणं या कायद्याने 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच धरलं आहे. म्हणून अंडी हाताळणं हे वनखात्याने नेमलेल्या किंवा परवानगी दिलेल्या माणसाचंच काम. तुम्ही बाजूला बसून मोजाल, वहीत लिहाल, खड्ड्याची खोली मापाल, टोपली धराल. हात कधी लावायचा ते कासवमित्र सांगेल, तोही दोन-चार दिवस तुमचं काम बघून.

पण कायद्यापेक्षा मोठं कारण पिल्लाच्या पोटात आहे. अक्षरशः पोटात. अंड्यातून बाहेर येताना त्याच्या पोटात थोडा बलक शिल्लक असतो आणि पहिले काही दिवस त्याला त्याच शिदोरीवर पोहत किनाऱ्यापासून लांब, खोल पाण्याकडे जायचं असतं. जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा जीव, थांबत नाही, सतत वल्ही मारतो. फोटोसाठी त्याला दहा मिनिटं तळहातावर धरलं तर ती दहा मिनिटं तो हवेत वल्ही मारत असतो. शिदोरी तिथेच संपत जाते. वाळूवरून स्वतः चालत जाणंही त्याच्यासाठी गरजेचं आहे, दिशेची जाण तिथून सुरू होते असं मानतात. म्हणून पाण्यात नेऊन सोडणं हीसुद्धा मदत नव्हे. तगून मोठं होणारं पिल्लू हजारात एखादंच, असं किनाऱ्यावर सांगतात. मोजणीचा नेमकेपणा बाजूला ठेवला तरी अर्थ हाच, की त्याच्या वाट्याच्या प्रत्येक मिनिटाला मोल आहे.

माझ्या पहिल्या हंगामातली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे दिवस भरत आलेल्या घरट्यांवर वेताच्या टोपल्या पालथ्या घालतात, म्हणजे रात्री पिल्लं वर आली तर कावळे, खेकडे त्यांना नेत नाहीत आणि ती भरकटत नाहीत. पहाटे टोपल्या उचलून बघायच्या आणि पिल्लं सोडायची. एप्रिलमधली ती पहाट माझी होती. काकांना लग्नाला जायचं होतं, मी "बघते" म्हणाले. रात्री बारापर्यंत पाहुण्यांशी गप्पा मारल्या आणि सकाळी जाग आली तेव्हा आठ वाजून गेले होते. धावत गेले. उन्हं वाळूवर पसरली होती. तिसऱ्या टोपलीखाली पिल्लं होती. काही हलत होती. मी त्यांना ओल्या फडक्याखाली सावलीत ठेवलं. एकवीस पिल्लं संध्याकाळी समुद्रात गेली. चौदा गेली नाहीत. काका परत आल्यावर मी सांगितलं. ते रागावले नाहीत. वही काढून माझ्याच हातून तो आकडा लिहून घेतला. ती वही आजही आहे. त्यानंतर माझी पहाट कधी चुकलेली नाही, आणि येणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाला पहिल्या संध्याकाळी मी हे सांगते. चित्त्यामागे धावणारा, सापाला न भिणारा माणूस आम्हाला नको असतो. पाच वाजता सांगितल्यावर पाचला पाच कमी असताना अंगणात उभा असणारा हवा असतो. हौशीने येणारे पुष्कळ मिळतात, नेमाने येणारे फार थोडे.

तुमच्या शिक्षणाबद्दल म्हणाल तर प्राणीशास्त्र नाही म्हणून बिलकूल संकोच करू नका. उलट तुमच्या नोकरीतलं एक कौशल्य किनाऱ्यावर सोन्यासारखं आहे. बहुतेक गावांत वर्षानुवर्षांच्या नोंदी कागदी वह्यांत आहेत. मराठीत, वेगवेगळ्या अक्षरांत, काही पानं पावसाने फुगलेली. कोणत्या तारखेला घरटं, किती अंडी, किती दिवसांनी फुटली, किती पिल्लं, किती वाया. हे सगळं नीट तक्त्यात उतरलं तर केवढी गोष्ट कळते! कासवाचं पिल्लू नर होणार की मादी, हे घरट्यातल्या वाळूच्या तापमानावर ठरतं. साधारण २९ अंशांच्या आसपास दोन्ही निपजतात, वाळू तापत गेली की माद्याच माद्या, आणि फारच तापली तर अंडीच मरतात. उशिराच्या घरट्यांवर आम्ही सावलीसाठी हिरवी जाळी बांधतो ती यासाठी. पण कधी बांधायची, किती आधी, हे अंदाजाने ठरतं. वहीतल्या नोंदी आणि तापमान शेजारी शेजारी ठेवून बघणारं माणूस मिळालं तर तो अंदाज पक्का होईल. काही वर्षांपूर्वी एक मुलगा असाच आला होता. त्याने दहा दिवसांत चार हंगामांच्या वह्या उतरवल्या, आणि मुख्य म्हणजे जाताना नवीन नोंदींसाठी साधा तक्ता आखून दिला, कासवमित्राला मोबाइलवर भरता येईल असा, मराठीत. दरवर्षी फेब्रुवारीत तो चार दिवस येतो आणि तक्ता तपासून जातो. पिल्लांबरोबरचा त्याचा एकही फोटो नाही.

नोंदींचं मोल किती असतं याचं एक उदाहरण. जानेवारी २०२२ मध्ये भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठानने वेळासच्या किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं. पश्चिम किनाऱ्यावर हे प्रथमच होत होतं, म्हणून तिचं नाव 'प्रथमा'. पुढच्या वर्षी गुहागरला 'बागेश्री'ला तसंच यंत्र लावलं आणि ती थेट श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचली. मग २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर धातूची खूण दिसली. ती खूण २०२१ मध्ये ओडिशात लावलेली होती. ओडिशाला लाखांनी येणाऱ्या आणि आपल्याकडे एकेकट्या येणाऱ्या कासविणींचा परस्परांशी काही संबंध असावा, हे त्या एका छोट्या पट्टीने दाखवलं. अंधारात, थंडीत कुणीतरी नीट बघितलं, आकडा वाचला आणि लिहून घेतला, म्हणून.

अठरा हजारांचं विचारलंत. राहण्या-जेवणाचे पैसे तुम्ही दिलेच पाहिजेत, त्यात कुरकुर नको. नवखा स्वयंसेवक पहिले काही दिवस गावावर ओझंच असतो. त्याला शिकवण्यात कासवमित्राचा वेळ जातो. पण गावातल्या घरात राहून, ताटात भात-आमटी, मासे, सोलकढी असं घरचं जेवून आठवड्याला एवढा खर्च होत नाही. म्हणून विचारा, की यातले किती रुपये त्या गावात राहतात. त्या किनाऱ्यावर काम करायला वनखात्याची परवानगी आहे का, आणि परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना हे ठाऊक आहे का. हंगाम संपल्यावर, जुलैच्या पावसात ही मंडळी गावात कुणाला फोन तरी करतात का. उत्तरं मोकळी आली तर जा. "पिल्लं हाताळायची हमी" असं पत्रकात छापलेलं असेल तर पैसे कितीही कमी असले तरी जाऊ नका. दक्षिण आफ्रिकेत परदेशी तरुणांकडून भरपूर पैसे घेऊन सिंहाचे छावे दुधाच्या बाटलीने पाजायला देण्याचा मोठा धंदा चालत आला आहे. 'अनाथ छावे' म्हणून सांगतात. आईपासून मुद्दाम तोडलेले असतात, आणि मोठे झाले की त्यातले कित्येक कुंपणात कोंडून शिकाऱ्यांना विकले जातात. त्या तरुणांचं मन चांगलंच होतं. जिथे जंगली जनावर कुशीत मिळतं तिथे संवर्धन होत नसतं, हे ओळखायला त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मार्च जमला नाही, किंवा समुद्र तुम्हाला मानवला नाही, तर दुसरी कामंही आहेत. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाट, ताडोबासारख्या जंगलांत पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसून येणारी जनावरं मोजायला मिळतात. अनुभव विलक्षण, नक्की घ्या. मात्र त्यातून वाघांची संख्या ठरत नाही. ते काम २००६ पासून दर चार वर्षांनी कॅमेरे लावून आणि ठरलेल्या वाटा चालून होतं. त्या चालण्याच्या कामात स्वयंसेवक घेतात, तिथे पाय मजबूत हवेत. जुन्नरकडे ऊसतोडीत बिबट्याचे बछडे सापडतात. वनखातं ते संध्याकाळी त्याच शेतात ठेवून आई येऊन नेईल याची वाट बघतं, आणि बहुतेकदा ती नेते. तिथे स्वयंसेवकाचं काम एकच, बघ्यांना लांब ठेवणं. ते काम कुणाला आवडत नाही, पण आई येणार की नाही हे त्यावरच ठरतं.

आणि एक कळकळीने सांगते. पावसाळा आला की कार्यालयांतून बस भरभरून माळरानावर झाडं लावायला निघतात. कृपा करून त्यात जाऊ नका. पुणे, सोलापूर, सातारा भागातली माळरानं ओसाड नाहीत. गवताचं ते स्वतंत्र जग आहे. लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, चंडोल यांचं घर आहे. माळढोक आपल्याकडून जवळजवळ गेला त्याला गवताळ रानांची ही मोडतोड मोठं कारण आहे. तिथे खड्डे खणून लावलेली झाडं जगली तर नुकसान, मेली तरी नुकसान. त्यापेक्षा गवताला दाबून टाकणारी घाणेरी नाहीतर रानमोडी मुळासकट काढायच्या एखाद्या कामात दोन दिवस घाम गाळा. फोटो चांगले येत नाहीत, पण पुढच्या पावसात तिथे गवत उगवलेलं दिसतं.

किनाऱ्यावर येणार असाल तर थोडं सामानाचं. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटीन कागद दोन पदरी लावून आणा. पांढऱ्या उजेडाने वर येणारी कासवीण अंडी न घालताच माघारी फिरते. एकदा मोठा गट परवानगीशिवाय रात्री किनाऱ्यावर उतरला, मोबाइलचे दिवे लावून. सकाळी आम्हाला वाळूत नुसता वळसा दिसला. वर आली, थबकली, परत गेली. पिल्लांना क्षितिजावरचा उजेड समुद्राची दिशा दाखवतो, म्हणून ती विजेच्या दिव्याकडे उलटी चालू लागतात. तेव्हा ज्या घरी उतराल त्यांना समुद्राकडचा दिवा रात्री घालवायची विनंती करा. अत्तर, क्रीम हाताला नको. गडद, साधे सुती कपडे, टोपी, पाण्याची बाटली. भरती-ओहोटीच्या वेळा रोज कासवमित्राला विचारून लिहून ठेवा, आठवडाभरात तुम्हाला स्वतःलाच कळायला लागतील. दिवसा वाळूत अडकलेली तुटकी नायलॉनची जाळी दिसली तर ओढून वर आणा. अशाच जाळ्यात वल्हं अडकून कासवं लंगडी होतात. जखमी कासव दिसलं तर समुद्रात ढकलू नका, सावली करा, गर्दी हटवा आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. डहाणूला अशा कासवांसाठी शुश्रूषा केंद्र आहे. आणि कोळी बांधवांशी बोलताना दोष द्यायच्या सुरात बोलू नका. जाळ्यात अडकलेलं कासव सोडवण्यासाठी जाळं कापलं तर २५ हजारांपर्यंत भरपाई मिळते. सरकारची ही योजना २०१८ च्या डिसेंबरपासून आहे, पण सगळ्यांपर्यंत पोचलेली नाही. ती माहिती चहा पिता पिता सांगता आली तर पुष्कळ झालं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात या. पहिले पाच दिवस पहाटेची फेरी आणि टोपल्या, दुपारी वह्या. शनिवार-रविवारी पाहुण्यांची गर्दी असते, तेव्हा तुम्हाला दोरीवर उभं करू. पिल्लं सोडताना समुद्रापर्यंत दोन्ही बाजूंना दोरी धरून वाट मोकळी ठेवतात. माणसं दोरीच्या बाहेर, स्वयंसेवक दोरीपाशी, माणसांकडे तोंड करून. मुलं पुढे घुसतात, कुणी फोन घेऊन वाकतं, कुणाचा पाय दोरीच्या आत येतो. तुमची नजर सतत त्यांच्या पावलांवर हवी, कारण ओल्या वाळूच्या रंगाचं पिल्लू कुठल्याही पावलाखाली असू शकतं.

आणि आईंनाही दोन दिवस घेऊन या. गावात राहायची सोय होईल, मोदक खायला मिळतील. संध्याकाळी त्यांना दोरीच्या बाहेर, पुढच्या रांगेत उभं करा. त्या वेळी तुमची पाठ समुद्राकडे असेल आणि पिल्लं लाटेत शिरताना तुम्हाला दिसणार नाहीत. आईंना दिसतील. किती गेली ते त्यांना मोजायला सांगा, रात्री वहीत लिहायला तो आकडा लागेल.